साकव सर

"तुमचा पंखा माझ्या स्कोपवर दिसतो."

सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता म्हणून रुजू होऊन तोवर मला बरेच दिवस झाले होते. आमच्या दोघांमध्ये एकच भिंत होती. अलीकडे मी आणि माझं टेबल, पलीकडे त्यांची इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा. रोज सकाळी मी त्यांना नमस्कार करायची आणि माझ्यामागे दुसरंच कुणी उभं असावं तसे ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत निघून जायचे. त्या दिवशी मात्र दारात थांबले आणि पंख्याबद्दल हे बोलले. मला आधी काही कळेना. मग लक्षात आलं, माझ्या पंख्याच्या रेग्युलेटरमधून विजेची जी खरखर निघते, ती भिंतीपलीकडे त्यांच्या ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्यावर उमटत होती.

"बंद ठेवू का सर?" मी विचारलं.

ते गप्प. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा विचारलं.

"नको," ते म्हणाले. "सकाळी ती दिसली की तुम्ही आलात असं कळतं."

आणि गेले.

पहिल्यांदा विचारलेल्या प्रश्नाला ते कधीच उत्तर देत नसत. हे मुलांना ठाऊक होतं. नवीन आलेला मुलगा एकदा विचारून ओशाळून खाली बसायचा, मग शेजारचा त्याला कोपराने ढोसायचा, "परत विचार, परत." एकदा मी धीर करून याचं कारण विचारलं. अर्थातच दोनदा. "पहिल्यांदा माणूस सवयीने विचारतो," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा त्याला उत्तर हवं असतं." मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

उंच, किंचित वाकलेले, पांढरा बुशशर्ट आणि बाराही महिने हातात छत्री. पन्नाशी ओलांडलेली. स्टाफरूममध्ये त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. डबा प्रयोगशाळेतच, सोल्डरिंगच्या बाकावर, पाठ दाराकडे करून. माणसांची नावं त्यांच्या डोक्यात राहत नसत, किंवा ती ठेवायची त्यांना गरज वाटत नसे. मी 'भिंतीपलीकडच्या बाई'. प्राचार्य 'वरच्या मजल्यावरचे'. त्यांच्या हाताखाली कित्येक वर्षं काम करणारे प्रयोगशाळा सहायक सुर्वे, तेवढ्यांना ते 'सुर्वे' म्हणत. सुर्व्यांना याचा मोठा अभिमान होता.

एसटीत बसले की कुठेही उतरायचं असलं तरी तिकीट शेवटच्या थांब्याचं काढायचे. मी एकदा आरे-वारेच्या गाडीत त्यांच्या मागच्या बाकावर होते. त्यांनी शेवटच्या गावचं तिकीट घेतलं आणि अर्ध्या वाटेत, जिथे रस्ता चढून समुद्र एकदम खाली दिसतो, तिथे उतरले. नंतर विचारल्यावर म्हणाले, "वाटेत मन बदललं तर कंडक्टरशी परत बोलावं लागतं." मासळीबाजारातही तसंच. एकाच कोळणीपुढे उभे राहायचे, बोट दाखवायचे, पिशवी पुढे करायचे. शेजारची कोळीण तिला चिडवायची, "तुझा मुका मास्तर आला बघ." ती म्हणायची, "मुका तर मुका, घासाघीस तरी करीत नाय."

मी हे सगळं जरा बारकाईनेच बघत होते, त्याला कारण होतं. मी कोल्हापूरची. मारुती मंदिराजवळ एका कुटुंबात खोली घेऊन राहत होते. इथली माणसं वाक्याच्या शेवटी सूर असा वर नेत की मला प्रत्येक वेळी वाटायचं, आपल्याला काहीतरी विचारलंय. मी उत्तर द्यायला जायची आणि ती हसायची. मी 'आलं बघा' म्हटलं की वर्ग हसायचा. हळूहळू मी बोलणंच कमी केलं. शनिवारी दुपारी तास संपला की सोमवारी सकाळपर्यंत माझं तोंड बहुधा मिटलेलंच असे. तेव्हा भिंतीपलीकडे एक माणूस वर्षानुवर्षं तसाच जगतोय, याची मला थोडी भीतीही वाटायची आणि थोडा आधारही.

सरांना 'साकव सर' हे नाव पडलं ते मी तिथे असतानाच.

त्या सुमाराला आमच्याकडे मोजकेच संगणक आले होते. त्यांच्यावरून दोन विभागप्रमुखांत इतकं बिनसलं की शेवटी त्यांची वाटणी झाली. निम्मे जुन्या इमारतीत, निम्मे वर्कशॉपच्या बाजूला. सरांचा एक जुना विद्यार्थी मुंबईत नोकरीला होता. त्याने तिकडे बिघडली म्हणून टाकून दिलेली संगणक जोडायची कार्डं खोक्यात घालून एसटीच्या पार्सलने पाठवली. सरांनी ती पावसाळाभर बसून एकेक करून दुरुस्त केली. मग जुन्या इमारतीतल्या संगणकांना एक वायर जोडली, वर्कशॉपमधल्यांना दुसरी. वाचनालयात परदेशी नियतकालिकं जहाजाने यायची, निघाल्यापासून कित्येक महिन्यांनी. ती सरांखेरीज कुणी उघडत नसे. त्यांत त्यांनी वाचलं होतं की अशा दोन वायरींच्या मध्ये एक शहाणं यंत्र बसवता येतं. ते दोन्हीकडचं बोलणं ऐकतं, कोण कुठल्या बाजूला आहे ते आपलं आपण शिकतं, आणि जो निरोप पलीकडे जायला हवा तेवढाच पलीकडे सोडतं. तिकडे त्याला ब्रिज म्हणत. सरांनी एका संगणकात दोन कार्डं बसवली, त्याच्यासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच्या कपाळावर पांढऱ्या रंगाने लिहिलं, 'साकव'.

"साकव म्हणजे काय हो सर?" मी विचारलं. आमच्या देशावर हा शब्द नव्हता. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, "आमच्या घरामागे ओढा होता. त्याच्यावर पोफळीची खोडं टाकून पाय ठेवण्यापुरती वाट केलेली असायची. तो साकव." स्वतःच्या घराबद्दल त्यांनी सांगितलेली तेवढीच गोष्ट.

हे यंत्र त्यांनी वर्गाला ज्या दिवशी समजावलं, त्या दिवशी मी व्हरांड्यात उभी राहून तास ऐकला. त्यांनी अर्धी मुलं प्रयोगशाळेत बसवली, अर्धी शेजारच्या सामानाच्या खोलीत, आणि स्वतः मधल्या दारात स्टूल टाकून बसले. हातात पाटी. प्रत्येक मुलाला एक नंबर दिलेला. "नावं नकोत," ते म्हणाले. "प्रत्येक कार्डाला कारखान्यातच नंबर मिळतो, मरेपर्यंत तोच. आता चिठ्ठ्या लिहा. कुणाकडून, कुणाला. माझी पाटी कोरी आहे. मला तुमच्यातलं कुणीही माहीत नाही."

पहिली चिठ्ठी डावीकडून आली. सातची, बाराला.

"बारा कुठे आहे?" सरांनी वर्गालाच विचारलं.

"पलीकडच्या खोलीत, सर!"

"ते तुम्हाला माहीत. मला नाही. पण ही चिठ्ठी डावीकडून आली, म्हणजे सात डावीकडे राहतो एवढं मला कळलं." त्यांनी पाटीवर डाव्या रकान्यात सात लिहिला. "बारा माहीत नाही, म्हणून पलीकडच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचं. ज्याची असेल तो घेईल, बाकीचे सोडून देतील." त्यांनी मोठ्याने वाचली. बाराने उत्तर पाठवलं, तेव्हा बारा उजव्या रकान्यात गेला. आणि ते उत्तर सातला होतं. सात कुठे ते आता पाटीवर होतंच, सरांनी पाटीवर बोट टेकवून चिठ्ठी डावीकडे दिली. नंतर डावीकडच्या तीनने डावीकडच्याच सातला चिठ्ठी लिहिली. सरांनी ती सरळ खिशात घातली.

"सर, ही दिली नाहीत?"

"एकाच खोलीत बसलेत. त्यांचं त्यांनी ऐकलं. मी मध्ये पडायचं कारण नाही."

थोड्याच वेळात पाटी भरली आणि सरांचे हात असे चालू लागले की बघत राहावं. आवाज मोकळा, चेहऱ्यावर चक्क हसू. मी या माणसाला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग वासंती नावाची एक खोडकर मुलगी हळूच उठून डावीकडच्या खोलीतून उजवीकडे जाऊन बसली. तिच्या मैत्रिणीने डावीकडून तिला चिठ्ठी लिहिली, पण पाटीवर वासंतीचा नंबर अजून डावीकडेच होता, म्हणून सरांनी ती खिशात घातली. पलीकडे वासंती चिठ्ठीची वाट बघत बसली. हशा पिकला.

"आता काय करायचं सर?"

"काही नाही. ती पुन्हा बोलेल तेव्हा मला कळेल ती कुठे आहे. तिचा रकाना बदलेन."

"आणि नाहीच बोलली तर?"

"मग काही वेळाने मी तिचा नंबर पुसून टाकतो. फार वेळ ज्याच्याकडून काही आलं नाही, त्याची नोंद ठेवायची नाही. जुनी नोंद खोटं बोलते."

"आणि सर, जो कधीच काही पाठवत नाही, त्याचं काय?"

त्या तासाला कुणीच काही दोनदा विचारलं नव्हतं. तरी सरांनी यालाही लगेच उत्तर दिलं. "तो पाटीवर येत नाही. त्याच्यासाठी आलेली प्रत्येक चिठ्ठी सगळ्या खोलीत ओरडून सांगावी लागते." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या फडक्याने पाटी पुसायला घेतली.

मुंबईहून तपासणीला अधिकारी येणार होते. प्राचार्यांनी ठरवलं, त्यांना हा साकव दाखवायचा. सरांनी सुट्या भागांतून आणखी एक तसाच तयार करून ठेवला होता, पहिला बिघडला तर असावा म्हणून. अधिकारी आले त्या सकाळी विजेचा खेळ चाललेला. सुर्व्यांचा जीव वरखाली होत होता. सरांची फजिती होऊ नये, म्हणून त्यांनी कुणाला न सांगता दुसरा साकवही दोन्ही वायरींना जोडून टाकला. एक गेला तर दुसरा आहेच.

सरांनी जुन्या इमारतीतल्या संगणकावरून सगळ्यांसाठी एक निरोप सोडला. एक साधी ओळ. पहिल्या साकवाने ती पलीकडे नेली. दुसऱ्यानेही नेली. पलीकडे एकाने सोडलेली ओळ दुसऱ्याने ऐकली, त्याला ती नवीनच वाटली, म्हणून त्याने ती परत अलीकडे आणून सोडली. तीच पहिल्याने ऐकली आणि पुन्हा पलीकडे नेली. तीच ओळ दोन्ही बाजूंनी गरगर फिरत राहिली, आणि दोन्ही साकव बिचारे दर फेरीला आपली नोंद खोडत राहिले. हा डावीकडे आहे, नाही उजवीकडे, नाही डावीकडेच. सगळे पडदे जागच्या जागी गोठले. कुठलंही बटण दाबलं तरी प्रतिसाद मिळेना.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "हे बंद पडलंय का?"

"नाही," सर म्हणाले, एकदाच विचारलं असूनही. "फार चालू आहे."

अधिकारी मंद हसले आणि चहाला गेले. प्राचार्य लाल होऊन त्यांच्यामागे. सर मात्र गोठलेल्या पडद्यापुढे बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्याने जत्रेत बसावं तसे. सुर्व्यांनी येऊन कबूल केलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. सर म्हणाले, "सुर्वे, हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. दोन वाटा असल्या की एक वाट आपण होऊन मिटून बसायला हवी. आता तसं लिहितो प्रोग्रॅममध्ये."

ते लिहायला त्यांना मिळालं नाही. आठवड्याभरात वरून आदेश आला. संगणक कार्यालयात हलवायचे, पगारपत्रकं आणि टंकलेखनासाठी. शिकवायला फळा पुरतो. सरांनी वाद घातला नाही. स्वतः शिडीवर चढून दोन्ही इमारतींमधली वायर काढली, वेटोळं करून खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पंख्याबद्दल, कशाबद्दलच, त्यांच्याकडून एक शब्द आला नाही. आणि मग एका सोमवारी ते आलेच नाहीत.

पहिले दोन-तीन दिवस कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तास बुडाले म्हणून मुलं खूश होती. मग सुर्वे माझ्याकडे आले. "बाई, सर रजेचा अर्ज न देता घरी राहायचे नायत."

"मग घरी जाऊन बघू या."

"तेच तर. घर कुठंय ते कुणाला म्हायती नाय."

मला खरं वाटेना. कार्यालयात पत्ता होता, पण ते घर त्यांनी कधीच सोडलेलं. तिथे आता एक शिंपी राहत होता, त्याने सरांचं नावही ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकाही माणसाने त्यांना 'कुठे राहता' म्हणून दोनदा विचारलं नव्हतं. संध्याकाळी ते छत्री घेऊन मांडवीच्या दिशेने चालत जातात, एवढंच सुर्व्यांना ठाऊक होतं. दुपारी आम्ही दोघं तिकडे गेलो आणि एका टोकापासून दारं ठोठावायला सुरुवात केली. उंच, वाकलेले, छत्रीवाले. "ते होय? जातात रोज हितनं. ऱ्हातात कुठं ते नाय सांगता येत." दुसऱ्या दारी तेच. तिसऱ्या दारी तेच. सगळ्यांनी त्यांना पाहिलं होतं, कुणालाही ते माहीत नव्हते. मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

वाळूजवळच्या एका माडीच्या घरापाशी एक म्हातारी सुकट वाळत घालत होती. तिचा नवरा मासेमारीच्या मचव्यावर तांडेल होता, तो गेल्यापासून ती वरची खोली भाड्याने देत असे.

"मास्तर ना? वर हायत की."

"बरे आहेत ना?"

ती जरा गोंधळली. "पेजेचं भांडं ठेवलंवतं दाराशी, तसंच हाय. हाक मारली तर बोलले नायत." मग आमच्या चेहऱ्याकडे बघून तिने हातातली सुकट खाली टाकली. "अवो, ते रोजच बोलत नायत. मग आज बोलत नायत ह्ये मला कसं कळायचं?"

सुर्व्यांनी खांदा लावून दार उघडलं. सर जमिनीवर पडले होते, तापाने फणफणलेले, ओठ सुकून चिरलेले. कोपऱ्यात रेडिओ, बाजूला ओळीने लावलेली परदेशी नियतकालिकं, दोरीवर एक पांढरा बुशशर्ट. बाकी खोलीत काही नव्हतं. सिव्हिलमध्ये नेईपर्यंत म्हातारी रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि त्यांना शिव्या घालत होती.

टायफॉइड होता. डॉक्टर म्हणाले, अजून एखादा दिवस गेला असता तर हाती काही राहिलं नसतं. मग त्यांनी विचारलं, नातेवाईक कोण? सुर्वे माझ्याकडे बघू लागले, मी सुर्व्यांकडे.

थोडी शुद्ध आल्यावर मी त्यांच्या कानाशी वाकले. "सर, तुमचं कुणी आहे का?"

काही नाही. डोळे छताला.

"सर, तुमचं कुणी आहे का?"

"दापोलीला बहीण आहे," ते म्हणाले. "कलमांच्या रोपवाटिकेत."

पोस्टातून ट्रंक कॉल लावला. लागायला अर्धी दुपार गेली. दुसऱ्या दिवशी ती आली. सरांसारखीच उंच, नखांत माती, हातात कापडी पिशवी. खाटेपाशी जाण्याआधी व्हरांड्यात माझ्याजवळ थांबली, जणू आत जायला तिला निमित्त हवं होतं.

"आई-वडील गेल्यावर दादाच मोठा," ती म्हणाली. "मी लग्न ठरवलं. मुलगा आमच्या जातीतला नव्हता. सगळं गाव दादाकडे बघत होतं. मी त्याला म्हटलं, दादा, तुला चालेल ना? तो रेडिओ उघडून बसला होता. मान वर केली नाही. मी उंबऱ्यात किती वेळ उभी होते. मग पिशवी उचलली आणि निघाले. तेव्हापासून तो नाही, मी नाही."

आत सर जागे होते. ती स्टुलावर बसली. मी निघायला लागले तर तिने माझं मनगट धरलं.

"तेव्हा तुला पसंत नव्हतं ना रे?" ती म्हणाली.

ते गप्प. तिने मान खाली घातली, हसल्यासारखं केलं, पांघरुणाची घडी नीट केली. मला ओरडून सांगावंसं वाटलं की थांबा, पुन्हा विचारा. पण तिनेच पुन्हा विचारलं. "सांग ना दादा. नव्हतं ना पसंत?"

"होतं."

"काय?"

"पसंत होतं. वाक्य जुळवत होतो. तोवर तू अंगणाच्या बेड्याबाहेर गेलीस."

"मग मागून यायचं होतंस. हाक मारायची होतीस."

"वाटलं, पुन्हा विचारशील."

"अरे, अशी गोष्ट बाईमाणूस दोनदा विचारतं का?" तिने पदर तोंडात धरला. तिचं हसणं होतं की रडणं, मला सांगता येणार नाही. सरांनी हात उचलून तिच्या डोक्याच्या दिशेने नेला आणि मध्येच, कुठे ठेवावा ते न कळल्यासारखा, पुन्हा पांघरुणावर ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगते. सर निवृत्तीनंतर दापोलीला गेले, बहिणीच्या घरामागच्या खोलीत राहिले. मी तोवर बदली होऊन पुण्यात आले होते. ते वारल्याचं तिनेच कळवलं. पुढे एकदा तिला भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "फारसं बोलणं काही झालं नाही आमचं. गेलेली वर्षं कुठून भरून काढणार? तो झाडांना पाणी घालायचा. मी कलमं बांधायचे. संध्याकाळी एवढंच विचारायचा, मी आहे ना इथे? मी म्हणायचे, आहेस."

पण मला ते जास्त आठवतात ते आजारातून उठून कामावर परत आले त्यानंतरच्या दिवसांतले. मांडवीच्या म्हातारीने त्यांना अट घातली होती. "मास्तर, ऱ्हायचं असंल तर रोज उतरताना नि चढताना माझ्याशी बोलायचं. काय पण बोला. पण बोला." सरांना काय बोलावं सुचेना, म्हणून ते संध्याकाळी तिच्या दाराशी उभे राहून म्हणत, "मी आलो आहे." सकाळी म्हणत, "मी जातो." तिचं समाधान झालं. मग एका सकाळी ते आमच्या स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. सगळ्यांच्या माना वळल्या. सर समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाले, "मी आलो आहे." आणि प्रयोगशाळेत गेले. संध्याकाळी पुन्हा दारात. "मी जातो."

पहिले काही दिवस लोक तोंड दाबून हसले. गणिताचे लिमये त्यांची नक्कल करायचे. मग सवय झाली. सर दारात येत, बोलत, जात. कुणी उत्तर देत नसे, कुणी मान वर करत नसे. ते शनिवारी दापोलीला जायला लागले होते आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने यायचे. एका सोमवारी ते दारात आले नाहीत.

पहिला तास सुरू व्हायला थोडाच अवधी होता. लिमये काहीतरी सांगत होते, ते मध्येच थांबले. दाराकडे बघितलं. मग आणखी कुणीतरी. सुर्वे दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मधल्या सुट्टीत लिमये स्वतः एसटी स्टँडवर फोन करून आले. "दापोलीची गाडी खेडजवळ बंद पडलीय म्हणे," त्यांनी सांगितलं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम पाय लांब केले.

दुपारी सर आले. बुशशर्टावर धूळ, डोळे लाल. दारात उभे राहिले आणि बघतात तर सगळे त्यांच्याचकडे बघतायत. क्षणभर त्यांचा पाय मागे सरला.

"मी आलो आहे," ते म्हणाले.

"या सर," लिमये म्हणाले आणि आपल्या शेजारची खुर्ची पायाने पुढे सारली. "बसा. चहा सांगितलाय."

याला काय उत्तर द्यायचं असतं ते सरांना माहीत नव्हतं. ते खुर्चीकडे बघत राहिले. मग आत आले आणि खुर्चीच्या अगदी काठावर बसले. चहा आला. दुधाचा, भरपूर साखरेचा. त्यांनी तो हळूहळू, एकेका घोटानंतर कप बशीत ठेवत प्यायला. कुणी क्रिकेटबद्दल बोलत होतं, कुणी पगारवाढीबद्दल. सर ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे मान वळवून बघत होते.

घंटा झाली. सगळे खडू-डस्टर घेऊन आपापल्या वर्गांवर गेले. मीही गेले. तास संपवून परत आले तर स्टाफरूममध्ये सर एकटेच होते. त्याच खुर्चीच्या त्याच काठावर, रिकामा कप दोन्ही हातांत धरून, भोवती सगळ्या रिकाम्या खुर्च्या. मला बघून त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं.

"बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आता उठलं तर चालतं का?"